कोळ्याचा हिशेब वेगळा, बाटलीचा वेगळा

उन्हे तापू लागली की तुतीच्या पानावर पांढुरके ठिपके उठतात. मग पान पिवळे पडून वाळते. आपण म्हणतो, पाण्याचा ताण पडला. पान उलटे करून पाहा. खाली बारीक जाळे असेल आणि टाचणीच्या टोकाएवढे लालसर ठिपके चालत असतील, तर तो लाल कोळी. कपाशीवरही हाच येतो. म्हणून कपाशीच्या बांधाला तुती लावणाऱ्यांनी त्याची जन्मकुंडली आधी पाहावी, असे आमचे मत आहे.

हा किडा नव्हेच. किड्याला सहा पाय, याला आठ. (अंड्यातून निघतो तेव्हा मात्र सहाच असतात.) मादी पानाखाली शंभराच्या आसपास अंडी घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू तीनदा कात टाकते आणि दर खेपेला आधी काही वेळ निपचित पडून राहते. हवा ३० अंशांच्या पुढे गेली की अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा सारा संसार आठ-दहा दिवसांत उरकतो. थंडीत त्यालाच तीन आठवडे लागतात. नराशी गाठ पडली नाही तरी मादी अंडी घालते. त्यांतून नुसते नर निपजतात आणि पुढची वस्ती त्यांच्यापासून वाढते. म्हणजे धाग्याला लोंबकळत वाऱ्यावर एकच मादी आली, तरी तिला पुरे.

आता पान घेऊन दुकानात जा. मिळते काय? बहुतेक वेळा सायपरमेथ्रिनसारखी बाटली. ती कोळ्याला फारशी बाधत नाही. कोळी खाणारे बारीक काळे भुंगेरे आणि भक्षक कोळी मात्र साफ करते. पंधरा दिवसांनी कोळी दुप्पट, मग दुसरी बाटली. दुकानाचा हंगाम छान जातो.

तुतीचे दुखणे याहून मोठे. तिचे पान अळीच्या तोंडी जाते. कोषावर येण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात अळी सगळ्यांत जास्त पाला खाते. त्या पाल्यावर शेजारच्या कपाशीचा फवारा उडाला, तर महिन्याची मेहनत रॅकवरच मरते. कोळ्याने सुकवलेला पाला घातला, तरी कोष हलका भरतो आणि बाजारात भाव पडतो.

उपाय चक्रातच आहे. छाटणी झाली की किडका पाला-फांद्या शेताबाहेर नेऊन जाळा. नवे फुटवे येताच पान उलटून पाहा. पाण्यात विरघळणारे गंधक मारायचे तर तेव्हाच, पाला काढायला महिना असताना. अंडी आणि निपचित पिल्ले पहिल्या फवाऱ्यातून वाचतात. म्हणून पाच-सहा दिवसांनी पुन्हा पाहा. धुळीच्या रस्त्याकडील ओळींवर पाण्याचा जोराचा फवारा दिला, तरी कोळी बराच धुऊन जातो.

जिल्हा बैठकीत आम्ही दोनच गोष्टी मांडणार आहोत. दुकानदाराने पावतीवर औषधाबरोबर किडीचेही नाव लिहावे. आणि कपाशीवर फवारणी करण्याच्या आदल्या दिवशी तुतीवाल्या शेजाऱ्याला सांगावे, म्हणजे तो दोन दिवसांचा पाला आधी कापून ठेवील.