मक्तब सुटण्याच्या वयात

मक्तबमध्ये शिकवणाऱ्या कोणत्याही उस्तादांना विचारा, मुले कधी गळतात? उत्तर बहुधा एकच मिळते, सहावी-सातवीत. नूरानी कायदा संपलेला असतो, तीस पारे नाजिरा झालेले असतात, घरी आमीन होते, मिठाई वाटली जाते. मग ट्यूशन सुरू होतात, स्कॉलरशिपची परीक्षा येते, क्रिकेट असते, मोबाइल असतो. कुरआन शरीफ जुजदानात जातो तो रमजानलाच बाहेर निघतो. आईवडिलांनाही वाटते, दीनचे शिक्षण झाले, आता शाळेचे बघू.

अकरा ते तेरा-चौदा हे वय असे हातातून निसटते. या वयात मूल धड लहान नसते, धड मोठेही नसते. 'का?' हा प्रश्न ते याच वयात पहिल्यांदा गांभीर्याने विचारते. नेमक्या त्याच वेळी आपण त्याची दीनी शिकवण थांबवतो. या महिन्यात आम्ही याच वयाबद्दल लिहायचे ठरवले आणि त्यासाठी उदाहरण घेतले आहे अमेरिकेतल्या ज्यू समाजाचे.

हे वाचून काहींच्या कपाळाला आठी पडेल. गाझाच्या बातम्यांनी आपली सर्वांचीच मने जखमी आहेत. पण एका राज्यकर्त्या सरकारची कृत्ये आणि जगभर पसरलेला एक समाज या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या युद्धाविरुद्ध अमेरिकेच्या रस्त्यांवर उतरलेल्यांत अनेक ज्यू तरुण-तरुणी होत्या. अहले किताब सगळे सारखे नसतात, हे सूरह आले इमरानमध्ये आपल्याला सांगितलेलेच आहे. आणि प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेला आले तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचे असलेले जैद बिन साबित (र.) पुढे प्रेषितांच्याच सांगण्यावरून ज्यूंची लिपी शिकले, तीही पंधरा दिवसांच्या आत. शिकण्यासारखे असेल ते शिकावे, ही आपली जुनी रीत आहे.

अमेरिकेत ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणाच्या दोन वाटा आहेत. काही मुले पूर्णवेळ ज्यू शाळेत जातात. तिथे गणित-विज्ञानाबरोबर हिब्रू भाषा आणि धर्मग्रंथ शिकवतात. बाकीची बरीच मुले साध्या सरकारी शाळेत शिकतात आणि रविवारी सकाळी किंवा आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी सिनेगॉगच्या वर्गाला जातात. ही दुसरी वाट आपल्या मक्तबसारखीच आहे. अडचणीही त्याच. मूल दमून येते, गृहपाठ राहिलेला असतो, आईवडील घाईत असतात.

पण त्या वर्गासमोर एक ठरलेला दिवस असतो. मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो 'बार मित्झ्वा' होतो, म्हणजे धर्माच्या आज्ञांची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या खांद्यावर येते. मुलींसाठी हे वय परंपरेने बारा आहे, त्यांना 'बात मित्झ्वा' म्हणतात. अमेरिकेत मुलीचा असा पहिला जाहीर सोहळा 18 मार्च 1922 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. ती मुलगी ज्युडिथ कॅप्लन, रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन यांची कन्या. सनातनी ज्यूंमध्ये मुली आजही सिनेगॉगमधल्या सर्वांच्या नमाजेत तौरात पढत नाहीत, त्यांचे सोहळे वेगळ्या पद्धतीने होतात.

त्या दिवसाची तयारी कित्येक महिने आधीपासून चालते. मूल तौरातचा त्या आठवड्याचा भाग ठरलेल्या स्वरांत म्हणायला शिकते, आपल्या तजवीदसारखेच. पण पठण झाले की काम संपत नाही. त्याच भागावर मुलाने सर्वांसमोर चार शब्द बोलायचे असतात, आपल्या रोजच्या भाषेत. यात काय सांगितले आहे, मला काय समजले, मला काय पटायला जड गेले, हे त्याने स्वतः मांडायचे. जवळ बसून विचार करायला लावणारे शिक्षक असतात, पण बोलायचे मुलालाच असते.

दुसरी गोष्ट सेवेची. बहुतेक ठिकाणी या वर्षी मुलाने एक सेवाकार्य हाती घ्यावे अशी अपेक्षा असते. कुणी वृद्धाश्रमात जाऊन वाचून दाखवते, कुणी अन्नवाटप केंद्रात धान्याच्या पिशव्या भरते, फुटबॉलवेडे पोर वापरलेले बूट-चेंडू गोळा करून गरीब वस्तीत पोचवते. चांगले शिक्षक या सेवेला अभ्यासाशी बांधतात. अन्नवाटपाला जाण्याआधी वर्गात तौरातची ती आज्ञा शिकवली जाते, ज्यात शेताचा कोपरा कापू नये, पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरीब आणि परक्यांसाठी सोडावीत असे सांगितले आहे. आजाऱ्याला भेटण्याआधी त्या भेटीचे नियम शिकतात. परत आल्यावर बसून बोलतात. काय पाहिले? ज्याला दिले त्याला कसे वाटले असेल? आपण पुन्हा जाणार का?

या वर्गांत हमखास येणारा एक धडा आहे, तो ऐकताना आपल्याला घरचाच वाटेल. कुर्तुब्यात, म्हणजे मुस्लिम अमलाखालच्या स्पेनमध्ये, जन्मलेले आणि पुढे सुलतान सलाहुद्दीनच्या काळात इजिप्तमध्ये हकीम म्हणून नावाजलेले मूसा बिन मैमून (निधन 1204) यांना ज्यू समाज आपला फार मोठा धर्मशास्त्री मानतो. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खाली कुरकुरत दिलेले दान. मग हसतमुखाने पण कमी दिलेले. मग मागितल्यावर दिलेले, मग मागण्याआधी दिलेले. त्यावर, घेणाऱ्याला देणारा माहीत पण देणाऱ्याला घेणारा माहीत नाही असे. त्यावर, देणाऱ्याला घेणारा माहीत पण घेणाऱ्याला देणारा माहीत नाही असे. सातव्या पायरीवर दोघेही एकमेकांना अनोळखी. आणि सर्वांत वर असे साहाय्य, ज्याने माणूस पायावर उभा राहतो आणि त्याला पुन्हा मागावे लागत नाही. कर्ज द्या, भागीदारी द्या, काम द्या. शिक्षक ही शिडी फळ्यावर काढून मुलांना विचारू शकतात, तुम्ही गेल्या आठवड्यात केलेली मदत कोणत्या पायरीवर बसते?

आपल्याकडे हे नाही असे थोडेच आहे? सूरह बकरामध्ये उघड दानाला चांगले म्हटले आहे आणि गरिबाला गुपचूप दिलेल्याला अधिक चांगले. अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस तर आपण लहानपणापासून ऐकतो. एक अन्सारी सहाबी मागायला आले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरातली चादर आणि पेला मागवून दोन दिरहमला विकला. एका दिरहमचे अन्न घरी पाठवले, दुसऱ्यातून कुऱ्हाडीचे पाते घ्यायला लावले, त्याला स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि लाकडे तोडून विकायला सांगितले. पंधरा दिवसांनी ते दहा दिरहम कमावून आले. वरची पायरी म्हणतात ती हीच.

शब्दसुद्धा सख्खे आहेत. दानासाठी हिब्रूत 'त्झेदाका' म्हणतात, आपण 'सदका' म्हणतो. धातू एकच. हिब्रूत त्यातून न्यायाचा अर्थ निघतो, अरबीत सच्चेपणाचा. दान हे उपकार नव्हे, ज्याचे त्याला पोचवणे आहे, ही समज दोन्हीकडे आहे. आपल्याकडे शिकवण कमी नाही. ती अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातून करवून घेण्याची सोय मात्र कमी आहे.

त्यांच्याकडे सारे आलबेल आहे असेही नाही. तेराव्या वर्षाचा सोहळा झाला की अनेक मुले सिनेगॉगचा वर्ग सोडतात, ही तिथल्या शिक्षकांची जुनी चिंता आहे. आमीन झाल्यावर मक्तब सुटते तसेच. काही घरांत त्या सोहळ्याचा थाट लग्नासारखा होतो. सेवा तासांत मोजली जाते आणि कॉलेजच्या अर्जात लिहिण्यापुरती उरते. यावर त्यांच्यातल्याच लोकांनी उपाय शोधले. 1985 मध्ये सुरू झालेल्या 'माझोन' या संस्थेने कुटुंबांना साधे आवाहन केले, सोहळ्याच्या खर्चाच्या 3 टक्के रक्कम भुकेल्यांसाठी काढा. आपल्या रोजाकुशाईच्या, आमीनच्या, अकीक्याच्या खर्चाला हा हिशेब लावून पाहण्यासारखा आहे. जकात वेगळी, ही तिच्याखेरीज.

अशी सेवा समाजासमाजांत दारही उघडते. डेट्रॉइट शहरात ज्यू लोक 25 डिसेंबरला, ख्रिस्ती शेजाऱ्यांना सणाची सुट्टी मिळावी म्हणून, सेवाकेंद्रांतली कामे सांभाळत आले आहेत. पुढे तिथले मुसलमानही त्यांच्याबरोबर उभे राहू लागले. ब्रिटनमध्ये ज्यूंच्या 'मित्झ्वा डे'च्या धर्तीवर मुसलमानांनी 'सदका डे' सुरू केला.

आणि ज्यूंच्या सेवेची फळे पाहायला इतके दूर जायची गरजही नाही. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले, त्यांची मातृभाषा मराठीच. त्यांच्यातल्या हाईम सॅम्युएल केहीमकरांनी 1875 मध्ये मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. पुण्याच्या रुग्णालयामुळे मराठी माणसाच्या तोंडी असलेले ससून हे बगदादहून आलेले ज्यू घराणे. भायखळ्यात त्यांनी बांधलेल्या मागेन डेविड सिनेगॉगच्या आवारातल्या सर जेकब ससून शाळेत आज बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. कोलकात्याच्या ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्येही बहुतेक मुली मुसलमान आहेत. ज्यांच्यासाठी या शाळा निघाल्या त्यांच्यापैकी बहुतेक परदेशी गेले, पण शाळा बंद झाल्या नाहीत. आपल्या किती मुलांनी तिथे अक्षर गिरवले! ही गोष्ट आपण त्या मुलांना सांगतो का?

आता आपल्या घरात काय करता येईल ते पाहू. त्यासाठी संस्था काढायला नको.

सूरह माऊन घ्या. आपल्या प्रत्येक मुलाला ती पाठ असते, नमाजेत ते ती रोज पढते. त्याला विचारा, यात काय सांगितले आहे? अनाथाला ढकलणारा, गरिबाला जेवू घालण्याची गोष्टही न करणारा, दाखवण्यासाठी नमाज पढणारा, शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही न देणारा, अशा माणसांबद्दल ती आहे. अर्थ कळला की मुलालाच ठरवू द्या, या महिन्यात यातले काय करायचे. वर्गातल्या वडील नसलेल्या मित्राला अभ्यासात सोबत करणे, खालच्या मजल्यावरच्या आजारी खालाजानचे औषध आणून देणे, लहान भावाची सायकल शेजारच्या मुलाला चालवू देणे. काम लहान असू द्या, पण ते त्याने निवडलेले असू द्या आणि महिनाभर टिकू द्या.

ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावण्याआधी दानाच्या डब्यात नाणी टाकण्याची रीत आहे. आपल्याकडे जुम्याचा दिवस आहेच. डबा घरात ठेवा, मुलांनी आपल्या खाऊच्या पैशातून टाकू द्या आणि पैसे कुठे जावेत हे ठरवताना त्यांना बसवा. खऱ्या गरजवंताची चौकशी कशी करायची, त्याची लाज कशी राखायची, हे त्यातून ती शिकतील.

फोटो मात्र काढू नका. रमजानमध्ये रेशन किटचे फोटो स्टेटसवर चढतात, त्यात घेणाऱ्या बाईचा चेहरा दिसतो. मुले हे पाहतात आणि देणे म्हणजे असे असते असे समजतात.

आमीनच्या दिवशी मुलाकडून सूरह पढून घेतोच, त्याबरोबर पाच मिनिटे त्याला मराठीत बोलू द्या. आपल्याला काय समजले ते त्याने सांगावे. अडखळेल, चुकेल, उस्ताद सुधारतील. नाना-नानी, दादा-दादी ऐकत असतील. आणि त्याच दिवशी उस्तादांशी बोलून पुढच्या वर्षाचा अभ्यास ठरवा, आठवड्यातून एक तास का होईना. तफसीरचा, सीरतचा, मुलाच्या प्रश्नांचा.

प्रेषितांची (स.) दहा वर्षे खिदमत करणारे अनस बिन मालिक (र.) त्या घरी आले तेव्हा साधारण दहा वर्षांचे होते. त्यांच्या अम्मीनेच त्यांना तिथे नेऊन पोचवले होते. त्या वयाच्या मुलावर काम सोपवता येते, हे त्या माऊलीला ठाऊक होते. आपल्या घरातल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर तसा भरवसा टाकण्याची तौफीक अल्लाह आपल्याला देवो. आमीन.