हिशेबाच्या प्रोग्रामचा परवाना

दूध संस्थेसाठी नागपूरच्या रामदासपेठेतून हिशेबाचा प्रोग्राम आणलात, तर त्याचा परवाना राहतो कुठे? बहुधा तुमच्याच संगणकात, एका लहानशा फाइलमध्ये. तीत त्या यंत्राची ओळख आणि कंपनीची डिजिटल सही असते. तुमच्या डिजिटल सातबाऱ्यावर असते तशीच. एक अक्षर बदलले की सही जुळत नाही. सहीची गुप्त किल्ली कंपनीकडेच असते, म्हणून फाइल नुसती लपवून फारसे साधत नाही. दुसऱ्या यंत्रावर नेली तर ओळख पटत नाही, हे उत्तमच. पण संगणक बदलण्यापूर्वी परवाना परत करा. टॅलीत याला 'सरेंडर' म्हणतात. नाहीतर ऐन मार्चअखेर काम अडून बसायचे. अनुक्रमांक वहीत लिहा. पासवर्ड मात्र दुधाच्या कॅलेंडरवर नको!