म्हणे जिवाणू खाऊन टाकतील!

परवा बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो म्हणून आळीतली दहा-बारा माणसं साहेबांकडे गेलो होतो. उत्तर काय मिळालं? "जमिनीत जिवाणू असतात, हळूहळू खाऊन टाकतात. काळजी करू नका."

मंडळी, हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त राग आला. पेट्रोलमधलं बेंझिन जिवाणू खातात, खरंच खातात. पण त्यालाही हिशेब आहे ना! 1 मिलिग्रॅम बेंझिन संपवायला साधारण 3 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि आपल्याकडच्या एक लिटर पाण्यात तो मावतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. गळती चालूच असेल तर तो कधीच संपलेला असतो. मग नायट्रेट, लोह, सल्फेट वापरणारे दुसरे जिवाणू काम हाती घेतात, पण त्यांची चाल बैलगाडीची.

अमेरिकेत मिनेसोटात बेमिजी गावाजवळ ऑगस्ट 1979 मध्ये पाइपलाइन फुटून सुमारे 17 लाख लिटर कच्चं तेल सांडलं. बरंचसं उपसलं, उरलेल्याचं काय होतं ते शास्त्रज्ञ 1983 पासून मोजतायत. जिवाणूंनी विरघळलेलं बेंझिन फार लांब जाऊ दिलं नाही, हे त्यांचं श्रेय. पण चाळीस वर्षांनंतरही तेल खाली आहेच. वर लोह वापरताना त्याला चिकटलेलं आर्सेनिक सुटून पाण्यात आलं! आणि ती वाळूची जमीन. आपल्याकडे काळा पाषाण, पाणी भेगांतून कुठे पळतं ते मोजल्याशिवाय कुणाला कळणार?

कारखान्यांत धातू धुवायला वापरतात त्या ट्रायक्लोरोइथिलीनचं तर आणखी अवघड. जिवाणू त्यातला क्लोरीन एकेक करून काढतात. मध्येच अडकले की उरतं व्हिनाइल क्लोराइड, कॅन्सर करणारं, मूळच्यापेक्षा वाईट.

(आणि "उकळून प्या" म्हणणाऱ्यांनो, बेंझिन उकळताना हवेत उडतं. म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरात.)

तेव्हा साहेब, आधी टाकीची गळती तपासा. टाकी आणि आमच्या बोअरच्या मधे तपासणीचे बोअर मारा. दर तीन महिन्यांनी बेंझिन किती ते तारखेसकट ग्रामसभेत लावा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. आकडा खरंच उतरत असेल तर जिवाणूंचा सत्कार मी करतो. तोवर टँकर द्या.

ज्यांच्या बोअरला वास येतो त्यांनी कधीपासून येतो ते खाली लिहा. यादी घेऊन पुढच्या ग्रामसभेला जातोय.