आधी मुलांना वाचायला सांगा

वसई तालुक्यातल्या सातिवलीत सहावीच्या एका मुलीला शाळेत यायला उशीर झाला म्हणून ८ नोव्हेंबर २०२५ रोजी शंभर उठाबशा काढायला लावल्या, असा तिच्या घरच्यांचा आरोप आहे. आठवडाभरात ती गेली. गुन्हा नोंदला गेला, शिक्षिकेला अटक झाली, चौकशी लागली. न्यायालय आपले काम करील. पण गोखिवरे, सातिवली, वालीव या पट्ट्यातल्या शाळांच्या भिंतीआड काय चालते, हे पाहायला मुळात कोण जाते? मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने बंद केले, त्याला १ एप्रिल २०१०पासून इतकी वर्षे लोटली. ते पाळले जाते की नाही, हे कळायला मूल दगावावे लागत असेल तर तपासणी नावाची गोष्ट इथे अस्तित्वातच नाही.

सरकार म्हणेल, तपासणी आहे. शाळांच्या गुणवत्तेसाठी १२८ मानकांचा आराखडा आहे. प्रत्येक मानकावर आपण कुठल्या पातळीवर आहोत हे शाळेनेच ठरवायचे, छायाचित्रे काढायची, कागद जोडायचे आणि संकेतस्थळावर चढवायचे. याआधी शाळासिद्धी होती. मग ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ आले, रंगरंगोटी आणि परसबागेलाही गुण मिळाले, राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाखांचे बक्षीस लागले. नाव दरवेळी बदलते, शिक्षकाच्या माथी येणारे काम तेच राहते. तासाला वर्गात असायला हवा तो माणूस मोबाइलवर फोटो चढवत बसतो. बाह्य पडताळणीची तरतूद आहे, पण सारा डोलारा उभा आहे तो शाळेने स्वतःला दिलेल्या गुणांवर. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासायची मुभा आपण चौथीच्या पोरालाही देत नाही.

आम्हाला एकच परीक्षा मान्य आहे. शाळेबाहेरच्या माणसाने यावे, तिसरीतल्या कुठल्याही मुलाच्या हातात न पाहिलेला परिच्छेद द्यावा आणि वाच म्हणावे. हातच्याची वजाबाकी घालावी. वाचता आले, गणित सुटले, तर शाळा चांगली. मग भिंती रंगवलेल्या नसल्या तरी चालेल. नाही आले, तर १२८पैकी १२८ मानके पूर्ण असली तरी ती शाळा नापास. २०२४च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतील तिसरीच्या शंभर मुलांपैकी फक्त २३ मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. त्याच वर्षी ४ डिसेंबरला झालेल्या ‘परख’ सर्वेक्षणात तिसरीच्या ५५ टक्के मुलांनाच ९९पर्यंतच्या संख्या लहानमोठ्या क्रमाने लावता आल्या. सहावीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दहापर्यंतचे पाढे येत नव्हते. एवढे साधे आकडे गोखिवऱ्याच्या शाळांचे द्या, असे कुणी मागितले तर कुठले कार्यालय देईल?

कुठलेच नाही. ‘असर’ ग्रामीण भागाची पाहणी आहे आणि गोखिवरे शहरात मोडते. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली, पण प्राथमिक शाळा पंधरा वर्षे उलटली तरी जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. महापालिका कायद्याने प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे अनिवार्य कर्तव्य ठरवले आहे. पालिका घरपट्टी घेते, पाणीपट्टी घेते आणि शाळेचा विषय निघाला की हस्तांतराच्या कागदांकडे बोट दाखवते. जिल्हा परिषद म्हणते, तो भाग आता शहराचा. गळके छप्पर कुणी दुरुस्त करायचे यावर पत्रव्यवहार चालतो. भोईदापाड्यापासून वालीवच्या गाळ्यांपर्यंत राबणाऱ्या कामगारांची पोरे या दोन दारांच्या मध्ये उभी आहेत. त्यांतली कित्येक घरी भोजपुरी किंवा हिंदी बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. वीटभट्टीवरच्या आदिवासी कुटुंबांतली मुले हंगामात येतात नि जातात. सर्वांत जास्त शिकवायची गरज ज्यांना आहे, त्यांच्याचकडे पाहायला कुणाला सवड नाही.

मग पालक कर्ज काढून खासगी ‘इंग्लिश मीडियम’ची पाटी शोधतात. त्या पाटीमागे मान्यता आहे की नाही, हे दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी निघाली की कळते. तोवर प्रवेश झालेले असतात, फी भरलेली असते. मान्यतेविना शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि नंतरच्या प्रत्येक दिवसाला दहा हजार, असे कायदा सांगतो. हा दंड वसूल होत असता तर वसई तालुक्यातल्या चाळींच्या गाळ्यांमध्ये शाळा भरल्याच नसत्या.

राज्य सरकारने २०२५चे दोन-अडीच महिने पहिलीपासून तिसरी भाषा आणण्यात घालवले आणि २९ जूनला ते निर्णय मागे घेतले. पहिली भाषा वाचता येते का, यावर त्या काळात मंत्रिमंडळाने तेवढा वेळ दिल्याचे दिसले नाही. त्याच वर्षी ५ मार्चला निघालेल्या निपुण महाराष्ट्र कार्यक्रमात चावडी वाचनाचा उल्लेख होता. गावापुढे मुलांनी वाचून दाखवायचे, गणित करून दाखवायचे. गेल्या कित्येक वर्षांत शिक्षण खात्याला सुचलेली ही सर्वांत चांगली गोष्ट. कार्यक्रमाची ३० जूनची मुदत संपली आणि ही गोष्ट विसरली गेली, असे होता कामा नये. शिक्षकांना यात आरोपी करण्याचे कारण नाही. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा जगातल्या उत्तम शाळांच्या पंक्तीत जाऊन बसली, ती शिक्षक आणि गावकऱ्यांच्या बळावर. ती माणसे वसईतही आहेत. त्यांना वर्गात राहू द्या.

जिल्हा परिषदेने आणि महापालिकेने गोखिवरे परिसरातील प्रत्येक शाळेत, सरकारी असो वा खासगी, वर्षातून दोनदा पालकांसमोर वाचन आणि गणिताची चाचणी घ्यावी, तिचा निकाल शाळेच्या दारावर लावावा आणि मान्यतेचा क्रमांक त्याच फलकावर लिहावा. आणि पालकांनो, सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा कायद्याने तुमच्या आहेत. पुढच्या सभेला जा आणि चाचणीची तारीख मागा.