पुस्तक छापलं, आता वाचकापर्यंत न्या

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांमधला लेखक पदरमोड करून पुस्तक छापतो, थाटात प्रकाशन करतो आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर टाकतो. पुस्तकाला वाचक नसतो असं नाही. तो विखुरलेला असतो. माहुली गडावर चढणारा गिर्यारोहक मुंबईत राहतो, म्हसा गावच्या यात्रेला येणारा चाकरमानी डोंबिवलीत, तर कातकरी-ठाकर आदिवासींच्या जगण्याचा अभ्यासक पुण्यात. या सगळ्यांना एकत्र गाठणारं दुकान तालुक्यात नाही. ऑनलाइन विक्री ते काम करू शकते. त्यासाठी फार भांडवलही लागत नाही. पुस्तकाची ओळख सांगणारा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मोफत मिळतो. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून सुरू केलेल्या ‘ज्ञान पोस्ट’ने ३०० ग्रॅमपर्यंतचं सामाजिक, सांस्कृतिक किंवा शैक्षणिक पुस्तक २० रुपये अधिक करात पाठवता येतं.

आपलंच पुस्तक आपण विकणं शोभत नाही, असं काहींना वाटतं. पण शाल-श्रीफळाचे फोटो शंभर ग्रुपवर फिरवणं वेगळं आणि पुस्तकातली दोन चांगली पानं, किंमत व मागणीचा क्रमांक देणं वेगळं. पहिली आत्मस्तुती, दुसरी वाचकाला दिलेली माहिती. गावातले लोक ऑनलाइन पुस्तक घेत नाहीत, हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. म्हणूनच गावासाठी ग्रंथालय, शाळा आणि आठवडी बाजार सोडू नये. समारंभाच्या खर्चातला निम्मा वाटा तरी लेखकांनी विक्रीसाठी राखून ठेवावा.