आरसा दाखवून काय होणार?

‘आरशात बघ जरा, नुसता सापळा झालाय!’ न जेवणाऱ्या मुलीला घरोघरी हेच ऐकवले जाते. आई, मावशी, शेजारच्या काकू, साऱ्यांचा उपाय एकच. माझ्या मते तो निरुपयोगी आहे. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होझा’ झालेली मुलगी आरशात बघतच असते. पण तिला आपले शरीर आहे त्याहून जाड वाटते. हे नखरे नव्हेत, आणि मोबाईलने आणलेले नवे खूळही नव्हे. लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी या आजाराला हे नाव दिले ते १८७३ साली.

हॉलंडच्या उट्रेख्ट विद्यापीठातला २०१३ सालचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. स्त्रियांना कमीजास्त रुंदीच्या दारांतून चालायला सांगितले, लक्ष मात्र दुसऱ्याच कामात गुंतवले. दार खांद्यांपेक्षा २५ टक्के रुंद असले, की निरोगी स्त्रिया खांदे तिरके करू लागत. आजारी स्त्रिया ४० टक्के रुंद दारातच अंग चोरू लागल्या. सकाळच्या बदलापूर लोकलच्या दारात आपण सारेच अंग चोरतो, पण ते गर्दीपायी. यांना मोकळे दारही अपुरे वाटते! म्हणजे चूक नुसत्या नजरेची नाही, अंगात मुरलेल्या अंदाजाची आहे. तिथे वाद घालून काय साधणार?

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ साली अशा पाच तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यात जाडीचा हा भ्रम ठळक नव्हता, तरी खाणे सुटून वजन घटलेच होते. अशी मुलगी ‘जाड आहे’ म्हणत नाही. ‘पोट फुगतं’, ‘पित्त होतं’ म्हणते. शिवाय गुरुवार, संकष्टी, नवरात्र आहेतच, आणि घरच्यांना उपासाचे कौतुक! मग उल्हासनगर काय, अंबरनाथ काय, पित्ताच्या गोळ्यांवर महिने जातात.

पाळी थांबणे, सतत थंडी वाजणे, चक्कर येणे, जेवून लगेच न्हाणीघरात जाणे, यांपैकी काही दिसले तर आधी डॉक्टरांकडून वजन, नाडी, रक्त तपासून घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मुलग्यांनाही हा आजार होतो. घरात शरीरावर शेरे नकोत. ‘आता छान भरलीस हो’ हे लग्नघरातले कौतुकही तिला ‘जाड झालीस’ असेच ऐकू येते. कुठे जावे सुचत नसेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. पैसे पडत नाहीत, आणि आईवडिलांनी फोन केला तरी चालतो.