बांध तुमचा, पाणी खालच्यांच्या दारात

शेतात, फार्महाऊसवर किंवा डोंगरउतारावर मातीचा भराव घालून ज्यांनी पाणी अडवलं आहे, त्यांना ही विनंती. जोराचा पाऊस लागण्याआधी एकदा बांधाखाली उतरा आणि ओढ्याच्या काठाने दोन-तीन किलोमीटर चालत जा. वाटेत काय लागतं ते बघा. सालगड्याची खोली, पोल्ट्री, अंगणवाडी, ठेंगणा पूल, नवीन प्लॉटिंग. बांधाच्या धोक्याचा वर्ग यावरून ठरतो. बांध किती मजबूत, हा प्रश्न वेगळा. फुटला तर कोणाचं काय जाईल, हे वर्ग सांगतो. म्हणून बांधाचं ढेकूळही हललं नाही, तरी खाली एक घर उभं राहिलं की तो वरच्या वर्गात जातो.

हवाईतल्या कावाई बेटावर का लोको नावाचं खाजगी मातीचं धरण होतं. सरकारी नोंदीत ते कमी धोक्याचं. 14 मार्च 2006 रोजी, अनेक दिवसांच्या पावसानंतर, ते फुटलं आणि खाली राहणारे 7 जण गेले. चौकशीत आढळलं की सांडवाच बुजलेला होता.

आपल्याकडे 2021चा धरण सुरक्षा कायदा आहे, पण तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांसाठी, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही ठरावीक धरणांसाठी. तुमचा चार-पाच मीटरचा बांध त्यात बसत नाही. तपासायला कोणी येणार नाही, तपासनीस तुम्हीच.

पाण्याचा अंदाज आधी घ्या. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल शेततळं उतार धरूनही सुमारे 20 लाख लिटर पाणी धरतं. निव्वळ खोदलेलं असेल तर फारशी चिंता नाही. जमिनीच्या वर, भरावाच्या आधाराने जितकं पाणी उभं आहे, तितकंच खाली धावणार.

मग सांडवा. दोन फूट पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यात वाळूची पोती रचायची किंवा मासे जाऊ नयेत म्हणून जाळी ठोकायची, हा आपला जुना खोडसाळपणा. जाळीत पालापाचोळा अडकतो, पाणी तुंबतं आणि माथ्यावरून वाहू लागतं. माथ्यावरून पाणी गेलं की मातीचा बांध काही तासांतही कापला जातो. माथा कुठे खचला असेल तर तिथे मुरूम घालून दाबून घ्या. बांधावर झाडं लावू नका. जुनं मोठं झाड मात्र मुळासकट उपटू नका. आधी जलसंधारण खात्याच्या अभियंत्याला विचारा. खेकड्या-घुशींची बिळं आणि बांधातून गेलेल्या पाइपाच्या कडा पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बघा.

पायथ्याशी निवळ पाझर दिसला तर खूण करून रोज लक्ष ठेवा. तोच गढूळ झाला, की आतली माती वाहू लागली. तेव्हा बांध खणून पाणी सोडायच्या फंदात पडू नका. खालच्या वस्तीला आधी उठवा, 112 ला फोन करा, सांडव्यातला अडथळा काढा, पंप लावून पाणी उतरवा. आणि खालच्या प्रत्येक घराचा मोबाइल नंबर तुमच्याकडे, तुमचा त्यांच्याकडे, ही देवाणघेवाण या आठवड्यातच उरका.